तुम्ही विचारलंत म्हणून: लिबसी असताना थेट सिस्कॉल कशाला?

"सर, लिबसीत राइट आहे ना, मग तुम्ही थेट सिस्कॉल का मारता?" दर बॅचला कुणीतरी विचारतंच. लिबसी म्हणजे सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी, राइट म्हणजे तिच्यातलं बाइट लिहिणारं फंक्शन, आणि सिस्कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, काम मागणं. अहो, आता नाही मारत. वर्गात एकदा मारून दाखवतो, बस.

अवघड काही नाही त्यात. लिनक्स, ६४ बिट इंटेल किंवा एएमडी, आरएएक्स या रजिस्टरमधे १ टाका (राइटचा नंबर), मग आरडीआय, आरएसआय, आरडीएक्समधे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर), बफर (डेटाचा पत्ता), लांबी, आणि सिस्कॉल इन्स्ट्रक्शन, झालं. आरसीएक्स आणि आर११ ही रजिस्टरं त्यात बिघडतात हे तेवढं कंपायलरला सांगा, नाहीतर ऑप्टिमायझेशन चालू केलं की रडाल. आणि थेट म्हणजे फास्ट असं काही नसतं हां, वेळ सांगणारं क्लॉक-गेटटाइम लिबसीतून बोलावलं तर व्हीडीएसओमुळे (कर्नलने प्रोग्रामच्याच मेमरीत ठेवलेला कोड) बहुतेकदा कर्नलमधे जावंच लागत नाही, थेट मारलंत तर उलट स्लो.

मला हा थेट सिस्कॉलचा माज अंधेरीच्या नोकरीत होता. लॉगरमधे, म्हणजे नोंदी फाइलमधे लिहिणाऱ्या भागात, स्वतःचा राइट. लूप नेहमीचा, जेवढे बाइट गेले तेवढा पॉइंटर (बफरमधला पत्ता) पुढे, उरलेली लांबी तेवढी कमी, आणि उत्तर -१ आलं तर एरर. एका रात्री सर्व्हरची डिस्क भरली आणि प्रोग्राम १०० टक्के सीपीयू खात बसला. एस्ट्रेस (प्रोग्रामचे सिस्कॉल छापणारं टूल) लावला तर पानंच्या पानं "बॅड ॲड्रेस", म्हणजे पत्ता चुकीचा, म्हणून मी दोन तास पॉइंटर शोधतोय, शेवटची कर्जत लोकल गेली. शेवटी पहिल्यापासून एस्ट्रेसखाली चालवला. पहिलीच ओळ: डिस्कवर जागा नाही, उत्तर -१. अरे मग माझा चेक झोपला होता काय?

तेवढ्यात लांबीचा आकडा दिसला. दर ओळीला २८नी वाढत होता.

कर्नल प्रत्येक एररला -१ देत नाही हो. तो एरर नंबरच उणे करून देतो, डिस्क भरली की -२८. त्याचं -१ करून २८ एरनो या व्हेरिएबलमधे ठेवायचं काम लिबसी करते, आणि तिलाच मी हाकललं होतं. एस्ट्रेस पण लिबसीच्याच थाटात -१ छापतो, म्हणून फसलो. माझा पॉइंटर दर फेरीला २८ बाइट मागे मागे जात बफरच्या बाहेर.

थेट कधीकधी लागतोच, थ्रेडचा नंबर देणारं गेटटीआयडी जीलिबसीत (लिनक्सवरची नेहमीची लिबसी) २०१९ला २.३० मधे आलं, तोवर सिस्कॉल नावाचं फंक्शनच वापरायचो, पण ते लिबसीचंच, एरनो सांभाळतं.

"-१ आहे का" काढून "शून्याहून लहान आहे का" लिहिलं आणि पहिली मेट्रो धरून घाटकोपरला आलो.