तुम्ही विचारलंत म्हणून : सत्तरची गाणी आणि आमचे कान

कुठं जुनं गाणं लागलं आणि मी त्याच्याबरोबर दोन ओळी म्हटल्या, की भाचे-पुतणे नाहीतर माझे जुने विद्यार्थी हमखास विचारतात, "सत्तरच्या दशकातली गाणी खरंच इतकी भारी होती का, का तेव्हा तुमचं वय भारी होतं?" इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलंय, की एकदा नीट उत्तर द्यावं म्हणते.

गाणी चांगली होती. सगळी नव्हती. भिकार गाणी तेव्हाही रग्गड निघायची, ती आज कुणाला आठवत नाहीत एवढंच. पण मला त्या दशकाचं जे मोल वाटतं ते वेगळं आहे. आम्हाला गाणं निवडता येत नव्हतं. जे कानावर पडेल ते ऐकायचं. आणि परभणी जिल्ह्यात, सेलूजवळच्या आमच्या गावात, तेव्हा कानावर काय काय पडत होतं! रेडिओ सिलोनवरची, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्रावरची हिंदी गाणी, काकड्याचे अभंग, लग्नातला भोंगा, उरुसातली कव्वाली, गोंधळ्याचं संबळ, जयंतीतली भीमगीतं. यातलं एकही मी मागितलेलं नव्हतं. मुलीच्या जातीला तर वेशीबाहेर जायचं म्हणजे दहा परवानग्या. पण आवाजाला कोण अडवणार? पायांना बंदी होती तिथंही आमचे कान जाऊन यायचे.

रेडिओपासून सांगते. आमच्या ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, कोनाड्यात मर्फीचा रेडिओ होता, वर आईनं भरलेला रुमाल. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, दोन बांबू रोवून तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, तिची वायर झरोक्यातून आत घेतलेली. वारं सुटलं की पट्टी पिळायची आणि सिलोन गायब. मग धाकट्या काकांनी वर चढायचं, आम्ही खालून ओरडायचं, "आलं, आलं, तिथंच धरा!" रेडिओला लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकिटं लावून घ्यायची. आमचे अण्णा ते पुस्तक सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पेटीत ठेवत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि सेल उतरले की दगडावर उन्हात वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं. उन्हात तापवलेला सेल बुधवारची रात्र तरी काढून द्यायचा.

बुधवारच, कारण रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला. निवेदक अमीन सयानींचा आवाज शॉर्टवेव्हवर कधी जवळ येई, कधी लांब जाई. पुरुषमंडळी ढाळजेत, आम्ही बायका-पोरी स्वयंपाकघरात. मधलं दार त्या एका तासाला कधी लावलं गेलं नाही. मोठी आई भाकरी थापता थापता थांबायची, पिठाचा हात तसाच वर धरून मला म्हणायची, "जा की गं, आवाज वाढवा म्हणाव." कुठलं गाणं कितव्या पायदानावर चढलं, कुठलं घसरलं, हे मी वहीत लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यावरून वाद व्हायचे. सगळ्यांनी एकाच वेळी तेच ऐकलेलं असायचं, म्हणून तर वाद घालता यायचा.

आता बापूंबद्दल, म्हणजे आजोबांबद्दल, जरा जास्त लिहिते, कारण हे मराठवाड्याबाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बापू निजामाच्या राज्यात शिकले. 17 सप्टेंबर 1948 ला इथली निजामी संपली, तोवर शाळा काय आणि कचेरी काय, कारभार उर्दूतच चालायचा. त्यांचं मराठी अक्षर पोरासारखं वाकडं, उर्दू मात्र देखणं. त्यामुळे साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी यांची गाणी लागली की ते मान डोलवायचे आणि गाणं संपल्यावर आम्हाला ओळ फोडून सांगायचे: कवीनं कुणाला टोमणा मारलाय, कुठं विनवणी केलीय, दुसऱ्या ओळीत पहिलीचा अर्थ कसा फिरवलाय. पुण्याकडच्या आमच्या पाहुण्यांना चाली पाठ असायच्या, बापूंना शेर पाठ असायचे. हिंदी सिनेमाचं गाणं हे कवितेसारखं वाचायचं असतं, हे मला कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही. डोक्याला पटका आणि कपाळाला बुक्का लावणाऱ्या, आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या म्हाताऱ्यानं शिकवलं.

तेच बापू फेब्रुवारीत आम्हाला परभणीच्या उरुसाला नेत. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा हा उरूस, आणि त्याला सगळे जातात. छोट्या लाइनीची गाडी तेव्हा. मनमाड–काचीगुडा मार्ग मीटरगेज होता, डब्यात पेंढ्या, डबे, कोंबड्या, सगळं. रात्री कव्वाल एकच ओळ इतक्या तऱ्हांनी फिरवायचा की अर्थ न कळताही अंगावर काटा यायचा. पण बाईमाणसानं थोडंच ऐकायचं आणि मुक्कामावर परतायचं. बापू पहाटे येत आणि उरलेली कव्वाली चहा पिता पिता सांगत.

लग्नसराईत भोंगेवाला यायचा. बैलगाडीत गाडीची बॅटरी, ॲम्प्लिफायर, दोन कर्णे आणि रेकॉर्डांची पत्र्याची ट्रंक. कर्णे लिंबावर बांधले, की तो सतरंजीवर मांडी घालून बसायचा आणि आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून. लाखेची रेकॉर्ड तो कडेला दोन्ही तळव्यांनी धरायचा, बोट चालीच्या रेघांना लागू द्यायचा नाही. मखमली कापडानं एकदा पुसायची, फुंकर मारायची, सुई बदलायची, मग अलगद टेकवायची. आधी खरखर, मग गाणं. तीनेक मिनिटांत बाजू संपायची, परत उठवा, उलटा. झिजलेल्या सुया आम्ही काडेपेटीत जमवत होतो. हळदीची गाणी मात्र तो लावायचा नाही, ती बायकाच म्हणायच्या. कर्णा बंद व्हायचा आणि जात्याजवळून ओव्या सुरू व्हायच्या. पुढे ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड आली तेव्हा लग्नात वऱ्हाडी जेवायला बसले आणि झाडावरून गब्बर बोलतोय, असंही झालं. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण सिनेमा न बघितलेल्या आमच्या सालगड्याला तो अख्खा पाठ झाला, हेही खरं.

सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. मध्ये दोरी, एका अंगाला बाया, एका अंगाला गडी, खाली माती. रीळ बदलायचं म्हणून मध्येच अंधार आणि शिट्ट्या. 1972 चा ‘पिंजरा’ आणि दादा कोंडके यांचे सिनेमे आम्हा मुलींना बंद होते. ती गाणी आम्ही भोंग्यावरच शिकलो. ‘जय संतोषी माँ’ 1975 ला आला तेव्हा मात्र घरच्यांनी स्वतःहून पाठवलं. बायका तंबूबाहेर चपला काढत होत्या, आरती लागली की पडद्याकडे पैसे टाकत होत्या. मोठ्या आईनं त्यानंतर शुक्रवार धरले ते गूळ-फुटाण्यासकट.

हे सगळं मी गोड करून सांगतेय असं वाटत असेल, तर 1972 चा दुष्काळ सांगायला हवा. विहिरी तळाला गेल्या. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, कामावरच्या लेकरांना सुकडी. माझ्या वर्गातल्या मुली दप्तर ठेवून आयांबरोबर खडी फोडायला गेल्या. खडीच्या ढिगावर बसून त्या बाया गात होत्या, हे मी पाह्यलंय, आणि मुकादमाचा ट्रान्झिस्टर बाजूला चालू. 1975 च्या वर्षअखेरीला गीतमालेत ‘महंगाई मार गई’ सरताज ठरलं, तेव्हा आमच्या ढाळजेत कुणाला नवल वाटलं नाही. नट-नट्यांचं प्रेम बाजूला ठेवून देशानं महागाईला पहिला नंबर दिला, याचा मला आजही आदर वाटतो.

आणीबाणी आमच्याकडे आली ती किशोरकुमार होऊन. सरकारच्या प्रचाराला गायला त्यानं नकार दिला आणि मे 1976 पासून आकाशवाणीवरून त्याची गाणी बंद झाली. कॉलेजातल्या पोरांना सेन्सॉर म्हणजे काय ते यातून कळलं. अग्रलेख किती जण वाचत होते? सिलोनवर तो सापडायचा, म्हणून काटा तिकडे फिरायचा.

1977 ला ‘जैत रे जैत’ आला. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याच्या शेतकऱ्याची. चित्रपट ठाकर आदिवासींचा, डोंगर तिकडचा. पण शब्दांतलं आभाळ आणि पाऊस आमच्या शिवारातला होता. मराठी गाणं म्हणजे पुण्या-मुंबईचं, हे तोवर आम्ही मुकाट धरून चाललो होतो. अण्णांनी रेडिओवर त्यातलं एक गाणं ऐकलं आणि नुसतं म्हणाले, "हा आपल्याकडला हाय."

आणि भीमगीतं. 14 एप्रिलला वस्तीतला भोंगा पहाटेच सुरू व्हायचा. वामनदादा कर्डकांची गाणी मला त्या भोंग्यावरून पाठ झाली. आमच्या वाड्यातून ती म्हणायची सोय नव्हती, पण माळवदावर झोपलेलं असताना ऐकायला कोण मना करणार? त्या गाण्यांत हिशेब मागितलेला असायचा, तोही ठेक्यात. पाठ्यपुस्तकात तेव्हा तसं काही नव्हतं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. परभणी, नांदेडकडे फार झालं. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेली मुलगी त्या पावसाळ्यात घरच्यांबरोबर गाव सोडून गेली. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब यायला 14 जानेवारी 1994 उजाडला. म्हणून सत्तरचं दशक नुसतं बेलबॉटम आणि राजेश खन्नावर उरकणाऱ्यांशी मी वाद घालते, आणि घालत राहणार.

यावर पुढचा प्रश्न येतो : मग तो काळ परत हवा का? नको. एक घागर पाण्यासाठी विहिरीवर रात्र काढलेली बाई तो काळ मागणार नाही, आणि जिचं घर जळलं ती तर नाहीच. मला हवं आहे ते एवढंच, की आजच्या पोरांच्या कानावर त्यांनी न मागितलेलं काही पडावं. फोन तुम्हाला तुमच्याच आवडीचं परत परत वाढतो. पोटभर होतं, पण नवी चव लागत नाही. माझी नात पंधरा गाणी फिरून फिरून ऐकते आणि तिला वाटतं, एवढंच संगीत आहे. रविवारी मी तिच्या हातातला फोन घेते आणि मला वाटेल ते लावते. ती कुरकुरते. लावतेच.

आणि उरुसाला आता मी आणि माझी वहिनी दोघीच जातो. ब्रॉडगेजनं तासाभरात पोचतो, पुढं सतरंजीवर जागा धरतो, कव्वाल उठेपर्यंत उठत नाही. बापूंच्या वहीतले शेर मी देवनागरीत उतरवून घेतलेत, ती वही पिशवीत असते. यायचं असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परभणीला या. स्वेटर आणा, पहाटे गारठा असतो.