गार्ड काढून ठेवावासा वाटू नये म्हणून

टेबल सॉसाठी (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीसाठी) मी बनवलेला पहिला गार्ड, म्हणजे पात्यावरचे संरक्षक झाकण, तीन आठवड्यांतच कपाटावर गेला. प्लायवुडच्या दोन बाजू, वर अ‍ॅक्रिलिकची पट्टी आणि मागे एक बिजागरी अशी त्याची साधी रचना होती आणि दिसायलाही तो नीटनेटका होता. परंतु अरुंद पट्टी कापताना तो फेन्सला (लाकूड ज्याला टेकवून सरळ ढकलतात त्या आडपट्टीला) अडत असे, अ‍ॅक्रिलिकवर भुसा बसून कापायची रेघ दिसेनाशी होत असे, आणि लाकडात आरपार न जाणारी खाच पाडायची असली की चार स्क्रू काढून तो पूर्णपणे उतरवावा लागे. असाच एकदा उतरवला, तो पुन्हा चढवलाच नाही. पुढे एका संध्याकाळी पंजाएवढा लाकडाचा तुकडा पात्याच्या मागच्या दातांवर चढला आणि थेट माझ्या बरगडीवर आदळला. हाड मोडले नाही, पण काळानिळा डाग बरेच दिवस राहिला. त्यानंतर मी तो गार्ड खाली काढला, समोर ठेवला आणि आपण तो का काढला याची कारणे कागदावर लिहून काढली. माझ्या कार्यशाळेतले पुढचे सगळे गार्ड त्या कागदावरून बनले आहेत.

कागदावरची पहिली नोंद मात्र गार्डविषयी नव्हती. मला लागलेला तुकडा थांबवणे हे मुळात गार्डचे काम नाही, ते रिव्हिंग नाइफचे, म्हणजे पात्यामागच्या पोलादी पट्टीचे, काम आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत केली की माणूस चुकीची वस्तू बनवून निर्धास्त होतो. दहा इंची पाते मिनिटाला सुमारे 4000 फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा दात सेकंदाला 50 मीटरहून अधिक वेगाने धावत असतो. पुढच्या बाजूचे दात खाली येताना लाकडाला टेबलावर दाबतात. मागच्या बाजूचे दात मात्र वर उठत असतात, आणि कापलेली चीर मिटून लाकूड त्यांना चिकटले, किंवा तुकडा किंचित तिरका होऊन त्यांच्यावर आला, तर ते त्याला उचलून कापणाऱ्याच्या दिशेने फेकतात. पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पोलादी पट्टी ही चीर उघडी ठेवते आणि लाकडाला त्या दातांपर्यंत पोहोचू देत नाही. तिची जाडी पात्याच्या (दात सोडून उरलेल्या) चकतीपेक्षा अधिक आणि चिरेच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते: चकती 2.2 मिमी आणि चीर 3.2 मिमी असेल, तर सुमारे 2.5 मिमी. शिवाय पाते वरखाली होते तेव्हा तिनेही त्याच्याबरोबर वरखाली झाले पाहिजे. ज्या यंत्राला रिव्हिंग नाइफची सोय आहे त्याच्यासाठी ती घरी बनवण्याच्या फंदात पडू नये, यंत्राबरोबर आलेलीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या जुन्या यंत्राला ती सोय नव्हती. म्हणून मी पात्याभोवतीची झडप (टेबलात बसणारी, काढता येणारी फळी) कठीण लाकडाची नवी बनवली, चालू पाते तिच्यातून सावकाश वर आणून अगदी पात्याएवढीच फट पाडून घेतली, आणि त्याच फटीच्या सरळ रेषेत, पात्याच्या मागे, चिरेपेक्षा किंचित पातळ अशी लाकडी जीभ बसवली. जिभेचे तंतू उभे ठेवावे लागतात; आडवे ठेवले तर ती पहिल्याच धक्क्याला मोडते. ही जीभ पात्याबरोबर हलत नाही, पाते तिरके केल्यावर ती चालत नाही आणि खाच पाडताना ती आड येते, म्हणून जीभ असलेली आणि जीभ नसलेली अशा दोन झडपा मी ठेवल्या आहेत. झडप बदलायला अर्धा मिनिटही लागत नाही, त्यामुळे ती बदलायचा आळस होत नाही.

आता प्रत्यक्ष गार्ड. तो जिभेवर किंवा टेबलाच्या मागच्या कडेवर बसवला की तिची प्रत्येक अडचण त्याच्याही वाट्याला येते, म्हणून दुसऱ्या वेळी मी तो बाजूच्या खांबावरून आलेल्या आडव्या हातावर टांगला. हा हात वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकतो. त्यामुळे खाच पाडतानाही गार्ड पात्यावरच राहतो आणि अरुंद पट्टीच्या वेळी फेन्सपासून थोडा बाजूला घेता येतो. त्याच्या पाठीला भुसा ओढणाऱ्या पंख्याची नळी जोडली, आणि रेघ न दिसण्याची तक्रार बहुतांशी तिथेच मिटली. गार्ड टिकण्यामागे या नळीचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो, कारण ती लावल्यापासून गार्डशिवाय काम करणेच नकोसे होते.

अ‍ॅक्रिलिकऐवजी या वेळी 6 मिमी जाडीचे पॉलीकार्बोनेट घेतले. दोन्ही सारखेच पारदर्शक दिसतात, परंतु जोराचा आघात झाला तर अ‍ॅक्रिलिकचे धारदार तुकडे होतात, तर पॉलीकार्बोनेट वाकते आणि तगते. त्याची पथ्ये मात्र पाळावी लागतात. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागला तर त्याला बारीक तडे जातात, नट घट्ट राहावा म्हणून लावायच्या द्रवाचेही तसेच आहे. म्हणून मी नायलॉनची कडी असलेले नट वापरले, भोके बोल्टपेक्षा किंचित मोठी पाडली, खाली रुंद वॉशर दिले, आणि पुसायला फक्त साबणाचे पाणी व मऊ कापड ठेवले. पात्याच्या जवळ येणारे बोल्ट नायलॉनचे घेतले, कारण काही सरकलेच तर दातांना पोलाद लागू नये. गार्ड बसवल्यावर प्लग काढून, पाते पूर्ण उंचीला आणि पूर्ण तिरके करून, हाताने फिरवून पाहिले.

बँडसॉचे (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या करवतीचे) काम त्या मानाने सोपे होते. वरचा गार्ड लाकडाच्या जेमतेम 6 मिमी वर आणून ठेवण्याची सवय लावून घेतली, आणि टेबलाखाली उघडे राहणारे पाते प्लायवुडच्या पेटीत बंद केले.

पट्टा आणि पुली यांच्यावरील जाळीबद्दल मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण तिथे डोळ्याचा अंदाज फसवतो. जाळी किती बारीक हवी हा प्रश्न ती फिरत्या भागापासून किती दूर आहे यावर ठरतो. यंत्रसुरक्षेच्या आयएसओ 13857 या मानकात त्याचे कोष्टकच दिले आहे: लांबट फट 6 ते 8 मिमी असेल तर अंतर किमान 20 मिमी हवे, 8 ते 10 मिमी झाली की ते एकदम 80 मिमी होते, आणि 12 ते 20 मिमी फटीला 120 मिमी लागते. फट दोन मिलिमीटर वाढली की अंतर चौपट का व्हावे, हे आपलेच बोट फटीत घालून पाहिले की कळते. एका मापापर्यंत फक्त बोटाचे टोक शिरते, त्यापुढे सगळे बोट जाते. (हे अर्थातच यंत्र बंद असताना.)

रंधा मशीनवरच्या गार्डने माझे सर्वांत जास्त श्रम घेतले. हा गार्ड एका खिळीवर फिरतो, लाकूड त्याला ढकलून पुढे जाते आणि लाकूड संपताच स्प्रिंगने तो परत येऊन फेन्सला टेकतो. माझा पहिला 18 मिमी प्लायवुडचा गार्ड परत येई, पण रेंगाळत, आणि तेवढ्या वेळात फिरते कटर उघडे राहत असे. स्प्रिंग जास्त ताठ केली तर तो बारीक लाकडाला फेन्सपासून ढकलू लागला. शेवटी मी प्लायवुड 12 मिमीचे घेऊन त्याचे वजनच कमी केले, खिळीला पितळी नळी बसवली आणि स्प्रिंग पूर्वीएवढीच ठेवली. आता तो लाकडाच्या टोकाबरोबरच मिटतो. फेन्स पुढे आणला की त्याच्या मागेही कटर उघडे पडते, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. फेन्सच्याच पाठीला जोडलेली आणि त्याच्याबरोबर सरकणारी एक फळी आता ते झाकते.

टेबल सॉचा गार्ड पाते बदलताना अजूनही काढावा लागतो. त्यासाठी स्क्रूऐवजी एकच खिळी ठेवली आहे, आणि काढलेला गार्ड टांगायचा आकडा मुद्दाम स्विचच्या वर ठोकला आहे. तिथे टांगलेला गार्ड हिरवे बटण पूर्ण झाकतो. लाल बटण मोकळे राहते.