तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दिवशी कयाक मागे का वळवली

गणपतीत विचारलंत, दिवाळीच्या फराळाला विचारलंत, परवा वाढदिवसालाही विचारलंत. “बाकीचे सगळे कॅन्यनमध्ये जाऊन आले, मग तूच मागे का वळलीस?” म्हणजे अमेरिकेतल्या लेक पॉवेल या धरणाच्या जलाशयातून कयाकनं, वल्ह्याच्या त्या छोट्या अरुंद होडीनं, अँटेलोप कॅन्यन या लाल घळीत जायचं होतं, ती ट्रिप. दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, “जाऊ दे गं, वाऱ्याला घाबरली ती,” आणि दुसरा विषय निघतो. माझ्या कयाकमध्ये पुढे जी बसली होती ती आता पुण्यात असते. तिला कुणी काही विचारत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढते. पटलं नाही तरी चालेल, पण पूर्ण वाचा.

फिनिक्सहून पेजपर्यंतचा रस्ता, फ्लॅगस्टाफची थंडी, कॅमेरनला खाल्लेला नावाहो टाको, लोन रॉकच्या वाळूत रुतलेली गाडी, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते सोडते. एक गोष्ट मात्र तुमच्यातले बरेच जण विसरलेत, ती म्हणजे त्या सकाळचा वेळेचा घोळ. आमचा मुक्काम होता तो लोन रॉकचा किनारा युटात आणि पेज ॲरिझोनात. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, आणि आम्ही जिथून पाण्यात उतरणार होतो त्या अँटेलोप पॉइंटला लागून असलेलं नावाहो नेशन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा स्वायत्त प्रदेश, ॲरिझोनात असूनही करतं. आदल्या रात्री शेकोटीपाशी “आठला पाण्यात” असं ठरलं, पण कुठल्या आठला ते कुणी बोललं नाही. सकाळी अर्ध्या लोकांनी लाइफ जॅकेट चढवली होती तेव्हा उरलेल्यांचे पोहे भिजत होते. तासभर तिथेच गेला. यात कुणाला बोल लावायचा नाही, फोनच दोन वेळा दाखवत होते. पण वाऱ्याचा अंदाज दुपारचा होता आणि आम्ही त्याच्याकडे एक तास सरकून निघालो. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आता पाण्याबद्दल. एप्रिल २०२५मध्ये लेक पॉवेल जेमतेम एक तृतीयांश भरलेलं होतं. काठोकाठ पातळीपेक्षा पाणी सुमारे १४० फूट खाली. तुम्ही फोटोत तो कड्यांवरचा पांढरा पट्टा बघता ना, पाणी उतरल्यावर खडकावर राहिलेले क्षार, तो आमच्या डोक्यावर तेवढा उंच होता. मुख्य पात्रातून कॅन्यनच्या तोंडाशी जाईपर्यंत दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आहेत. पाय टेकवायला, कयाक ओढून ठेवायला जवळपास कुठेच जागा नाही. त्याच पात्रातून मोटरबोटी आणि हाउसबोटी जातात. त्यांच्या लाटा कड्यावर आपटून परत येतात आणि नव्या लाटांना मध्येच भेटतात, त्यामुळे पाणी कुठल्याच एका दिशेनं हलत नाही, जागच्या जागी उसळतं. वारा नसेल तर यात काही विशेष नाही, थोडं हलतं, मजा येते. वारा असला की गोष्ट वेगळी.

आणि ते पाणी वरून तापलेलं दिसलं तरी तापलेलं नसतं. एप्रिलमध्ये पॉवेलच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण पन्नास-पंचावन्न फॅरनहाइट, म्हणजे दहा-तेरा सेल्सिअस असतं. अशा पाण्यात माणूस अचानक पडला की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असलं तरी. ते आवरायला मिनिटभर लागतं. त्यानंतर हातापायांत ताकद असते ती थोडाच वेळ, मग बोटं पकड सोडायला लागतात. लाइफ जॅकेट तरंगवतं, ऊब देत नाही. उलटलेल्या कयाकवर पाण्यातून परत कसं चढायचं याचा आमच्यापैकी एकानंही सराव केलेला नव्हता. तुम्हीही नाही. आणि माझ्या पुढे बसलेल्या तिला पोहता येत नव्हतं, हेही तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.

हे मी तेव्हाही सांगत होते, आताही सांगते. हे सगळं खरं आहे. पण हे सगळं निघण्याआधीही खरंच होतं, आणि तरी मी तिला घेऊन निघाले होते. त्यामुळे एवढ्यानं उत्तर होत नाही, हे मलाही कळतं.

ती ट्रिप तिच्यासाठी होती. आईकडे बघायला कुणी नव्हतं म्हणून जूनमध्ये ती कायमची परत जाणार होती. पेजला आपण आधी गेलो होतो तेव्हा सगळ्यांनी गाइडबरोबर वरच्या अँटेलोप कॅन्यनची टूर घेतली, ती बाहेर थांबली. म्हणाली, तिकीट काढून रांगेत बघायचं नाही, पाण्याकडून आत जायचं. पाणी संपतं तिथे कयाक वाळूवर ओढायची आणि अरुंद होत जाणाऱ्या त्या लाल भिंतींमधून चालत जायचं. हे तिच्या मनात फार दिवस होतं. “अमेरिकेतलं माझं एवढंच एक राहिलंय,” असं ती म्हणायची. मोटरबोटीच्या आवाजालाही दचकणारी ही बाई वल्हं धरायला माझ्याच भरवशावर तयार झाली होती.

चार दुहेरी कयाक होत्या. दुहेरी कयाकमध्ये मागचा माणूस दिशा धरतो, पुढचा फक्त वल्हवतो. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढच्याचा चेहरा दिसत नाही. मी मागे होते.

कॅन्यनचं तोंड दिसायला लागलं तेव्हा वारा समोरून आला. हळूहळू वाढला नाही, एकदम आला. पाण्याचा रंग आधी बदलला, हिरव्याचं काळपट झालं आणि वर बारीक सुरकुत्या पळायला लागल्या. मी उजनीच्या पाण्याकाठी वाढलेय. हा रंग मला माहीत आहे. तुमच्या तिन्ही कयाक आमच्या पुढे होत्या, त्यातल्या एकीवरून कुणीतरी वल्हं उंच करून “चला, चला” अशी खूण केली. एक हाउसबोट गेली, तिची लाट कड्यावरून परत आली आणि आमच्या मांडीवर पाणी चढलं. ती किंचाळली, मग हसली. मागे न बघता म्हणाली, “थोडंसंच राहिलंय ना?”

थोडंसंच राहिलं होतं. तोंडातून आत वळलं की वारा अडतो, हेही मला माहीत होतं. पण आत जाणाऱ्याला बाहेरही यायचं असतं, त्याच पात्रातून, पाठीमागून येणाऱ्या लाटांवर, आणि तेव्हा दुपार झालेली असणार होती. मी म्हटलं, “आपण वळतोय.”

ती म्हणाली, “काय?”

मी परत तेच म्हटलं आणि एका बाजूनं वल्हं मारायला सुरुवात केली. वळताना कयाक लाटांना आडवी होते. ते काही क्षण सगळ्यात वाईट असतात. दोघींनी मिळून वल्हवलं तर लवकर निभावतं. तिनं वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. रागानं नाही, तिला काय करायचं ते कळेना म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलेय. मला तिची पाठ आणि केशरी जॅकेट एवढंच दिसत होतं. मी एकटीनं वळवली. तुमच्यातल्या दोघांनी ओरडून “आम्ही पण येतो” म्हटलं, मी हातानं “नको, जा” केलं. आणि ते गेले.

जिथून कयाक पाण्यात घातली होती त्या रॅम्पपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मध्येच तिनं वल्हवायला सुरुवात केली, नीट, माझ्या लयीत. रॅम्पवर उतरल्यावर जॅकेटचे पट्टे सोडवता सोडवता म्हणाली, “तू मला विचारायला हवं होतंस.” एवढंच. मग गाडीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, मला दिली, स्वतः घेतली. अर्ध्या-पाऊण तासात वारा पडला. अगदी पडला. पाणी काचेसारखं झालं आणि आम्ही दोघी त्या पाण्याकडे बघत तुमची वाट पाहत बसलो. आता परत जाऊया का, असं तिनं विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. मी का म्हटलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पुन्हा वारा उठेल असं वाटलं होतं का? की आत्ता गेलो तर मघाशी वळल्याला काही अर्थ उरत नाही, असं वाटलं होतं?

तुम्ही तिन्ही कयाक घेऊन आलात ते लाल होऊन, भुकेले, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. परतीच्या रस्त्यात तिनं तुमच्याकडून फोन मागून घेतला आणि एकेक फोटो मोठा करून पाहिला. “इथे किती अरुंद आहे? हात दोन्हीकडे लागतात का?” असं विचारत होती. तुम्ही सगळं हौसेनं सांगितलंत. मी गाडी चालवत होते.

तर, तुमचा प्रश्न.

तुम्ही सुखरूप आलात म्हणून मी चुकले, हे मी मान्य करत नाही. तुमच्या परत येण्यानं एवढंच कळलं की त्या दिवशी तसं झालं. तसंच, काही वाईट होऊ शकलं असतं एवढ्यावरून मी बरोबर होते असंही मी म्हणत नाही. सुरुवातीला म्हणायचे. त्या उन्हाळ्यात जो भेटेल त्याला मी पाण्याचं तापमान सांगत सुटले होते. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं, बाई, तुला माहीत नव्हतं, तू अंदाज केलास. आणि तेव्हाची मी लगेच उलट विचारते, मग पाण्यावर अंदाजाशिवाय असतं काय? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुमच्यातल्या एकानं म्हटलं होतं की ताई, ग्रुप सोडून एकटी कयाक परत नेणं हेच जास्त धोक्याचं होतं. ही हरकत खरी आहे. मी यावर पुष्कळ विचार केलाय. तरी मी त्या दोघांना परत बोलावलं नसतं, कारण मग त्यांचंही बघणं माझ्यामुळे राहिलं असतं. एकीचं राहिलं तेवढं पुरे होतं.

काही जण कुजबुजतात ते उजनीचं. २१ मे २०२४ला कळाशी आणि कुगावच्या मधे संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात होडी बुडाली, सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. एक जण पोहून काठाला लागला. माझं आजोळ त्याच काठावरचं. त्या पाण्यातून आम्ही लहानपणी सायकली, पोती, शेळ्या यांच्याबरोबर होडीनं जात होतो, अंगात जॅकेट कुणाच्याच नसायचं. वर्ष उलटायच्या आत मी पॉवेलवर होते. “तिच्या मनात ते बसलंय” असं तुम्ही समजुतीनं म्हणता. कळवळ्यानं म्हणता हे समजतं. पण कृपा करून त्या माणसांना माझ्या निर्णयाचं कारण करू नका. पाण्याचा रंग बदलला तेव्हा मला ती माणसं आठवली नव्हती. मला एक जिवंत माणूस आठवला होता.

मामाच्या लग्नातली गोष्ट. हळदीला पलीकडे जायचं होतं, सगळे नटून काठावर आलो आणि वारं सुटलं. नावाड्यानं होडी दोरानं बांधली आणि बाभळीखाली जाऊन बसला. आजीनं त्याला शिव्या घातल्या, मामांनी जास्त पैसे देऊ केले. तो म्हणाला, “वारं हाय. न्हाई.” वारा पडेपर्यंत अंधार झाला, हळद हुकली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, रडून रडून त्याला भित्रा म्हटलं होतं, त्याला ऐकू जाईल असं. त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. पण त्याच्या होडीत बसायचं तर त्याचं ऐकायचं, हे काठावरच्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं. तिला ते माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं नव्हतं की वारा आला तर मी वळणार आहे, तुझं काहीही राहिलं असलं तरी. तिची तक्रार तेवढीच होती असं मला वाटतं. तिला विचारलं तर ती “अगं सोड ना” म्हणते.

“एवढी भीती वाटते तर जातेस कशाला,” हाही प्रश्न असतोच. भीती वाटते, हो. ती न वाटणारा माणूस माझ्या मागे बसलेला मला आवडणार नाही. आणि जाते, कारण ते पाणी मला ओळखीचं आहे. कोलोरॅडोवरचं ग्लेन कॅन्यन धरण १९६३मध्ये पाणी अडवायला लागलं आणि पॉवेल पहिल्यांदा काठोकाठ भरलं ते १९८०मध्ये. भीमेवरची उजनीही १९८०चीच. आजीचं जुनं घर त्याच पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात उजनी उतरली की पळसदेवचं देऊळ वर येतं, आणि आजी काठावर उभी राहून “आमची आळी तिकडं” असं बोट दाखवायची, जिथे फक्त गाळ असायचा. पॉवेलचं पाणी उतरलं तशा तिथल्याही बुडालेल्या घळी उघड्या पडताहेत, त्यांत पुन्हा झरे वाहताहेत, झाडं येताहेत. ज्यांनी १९६३आधीची ग्लेन कॅन्यन पाहिली ती माणसं तिच्याबद्दल बोलताना मला आजीसारखीच वाटतात. अडवलेल्या पाण्यावर मला नुसती मौज करता येत नाही, आणि त्यापासून लांबही राहवत नाही. हे तुम्हाला जड वाटत असेल तर वाटू दे.

पुढच्या एप्रिलचं तुमचं ठरतंय, मलाही विचारलंत. मी येईन. पण माझ्या कयाकमध्ये पुढे बसणाऱ्याला मी वाळूवरच सांगणार, पाणी काळं पडलं की मी वळणार, चर्चा नाही. निघायची वेळ ॲरिझोनाची धरायची आणि सकाळी सहाला पाण्यात असायचं. आदल्या दिवशी उथळ पाण्यात प्रत्येकानं एकदा कयाक उलटवून परत वर चढून दाखवायचं. हे ग्रुपवर टाकल्यापासून दोघांनी मला वेगळे मेसेज केलेत की ते माझ्याबरोबर बसणार नाहीत. तिलाही कळवलंय. तिनं अजून काही उत्तर दिलेलं नाही.