मुंबई-न्यूयॉर्क: चौदा तास म्हणे!

अंतर १२,५०० किलोमीटर, वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तास. नेटवर हा हिशोब वाचला आणि विश्वास ठेवला. पुणे-नागपूर एसटीत रात्र काढलेल्या माणसाला चौदा तासांचं काय कौतुक, म्हणून थेट विमानाची मधली सीट घेतली. पैसे वाचले, गुडघे गेले.

तो आकडा पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून काढलेला असतो. दोरा जातो सिंध, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे असा. पाकिस्तानचं आकाश एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद, रशियाचं २०२२ पासून अमेरिकी विमानांना. आमचं विमान अरबी समुद्र ओलांडून सौदीकडे गेलं, तिथून युरोप. त्यात पश्चिमेला जाताना वरचा वारा तोंडावर. हवेत १६ तास ४० मिनिटं काढली.

पहिले नऊ-दहा तास निघतात. जेवण, झोप, एखादा सिनेमा. आयर्लंड मागे पडलं की खरी परीक्षा. समोरच्या नकाशावर विमानाचं चित्र निळ्या पाण्यात चिकटून बसतं. मी डोळे मिटून शंभर आकडे मोजायचो, उघडून बघायचो, चित्र तिथंच. खिडकीतल्या काकूंनी तेवढ्यात दोनदा भडंगाचा डबा उघडला, तेवढाच विरंगुळा. पाय इतके सुजले की उतरताना बुटाच्या नाड्या बांधता येईनात. दर दोन तासांनी उठून फेरी मारा, शेजाऱ्याला कितीही राग येवो. घट्ट लांब मोजे घ्याच.

तिकिटावर सुटणार १:४०, पोचणार ८:५०, तारीख तीच. सात तासांचा प्रवास वाटतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. दुसरी मेख: १२ तारखेचं १:४० म्हणजे ११ तारखेची रात्र. पुण्यातून आम्ही ११ला संध्याकाळी पाचला निघालो. न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत, एडिसन गावी, भाचीच्या दारात पोचेपर्यंत २९ तास झाले होते. चौदा नव्हे.

माझं मत विचाराल तर थेट विमान नको. पण दुबईमार्गेही नको, तिथून पुढचा टप्पाच ११,००० किलोमीटरचा, पुन्हा चौदा तास. लंडन किंवा फ्रँकफर्टला थांबा, म्हणजे प्रवास जरा बरा विभागला जातो. ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघून ठेवा आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या.

आणि एडिसनला जायचं असेल तर न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरूच नका, न्यूअर्क विमानतळ जवळ. जेएफकेला बाहेर पडताच एका गृहस्थानं ‘टॅक्सी, सर?’ म्हणत माझी बॅगच उचलली. १९० डॉलर, टोल वेगळा. बाहेर पिवळ्या टॅक्सीची अधिकृत रांग पन्नास पावलांवर होती, ते भाचीनं नंतर सांगितलं. मॅनहॅटनला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पिवळ्या टॅक्सीचं भाडं ७० डॉलर ठरलेलं आहे. वर टोल, अधिभार आणि टीप.

पुढचे तीन आठवडे छान गेले. परतीला वारा पाठीशी होता, साडेचौदा तासांत मुंबई. तेव्हा मात्र कडेची सीट घेतली होती, जास्तीचे पैसे भरून.