कोकम सरबताचं ट्रेनिंग घेतलं त्याची गोष्ट

दापोलीच्या कृषी विद्यापीठात फळप्रक्रियेचं ट्रेनिंग मिळतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहितीय, पण जातं कोण, कारण आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलं तर आई-आजी करतच आल्यात, त्यात हे कॉलेजवाले काय वेगळं शिकवणार! मीपण त्यातलीच. पण दुकानदार म्हणायला लागला की लेबल नसेल तर बाटल्या ठेवणार नाही, मग घेतलं नाव नोंदवून.

लेक्चर ठीकठाक, प्रॅक्टिकल मात्र एक नंबर. मॅडमनी सगळ्यांना घरचं सरबत आणायला सांगितलेलं, रिफ्रॅक्टोमीटरच्या (गोडी मोजायच्या यंत्राच्या) काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि आकडा वाचायचा. सिरपला ६५ ब्रिक्स (म्हणजे शंभरात साधारण ६५ भाग साखर) लागतं, तिथपर्यंत आमच्यातली एकही बाटली पोचली नाही, साखर कमी पडली की सरबत आंबतं, पावसाळ्यात झाकणं का उडतात ते तिथंच कळलं सगळ्यांना. आणि टिकायला केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घातलं की कोकमाचा लाल रंग उतरतो, म्हणून त्याऐवजी सोडियम बेंझोएट, तेही काट्यावर मोजून, चिमूटबिमूट नाही.

खरी मजा कॉस्टिंगला आली. रातांबे (कोकमाची फळं), साखर, बाटली, गॅस सगळ्यांनी लिहिलं, स्वतःची मजुरी कोणीच धरली नव्हती. सर म्हणाले, उद्या तुम्ही आजारी पडलात तर बाई लावाल ना, ती काय फुकट राबणारे? मग जी चर्चा पेटली (घरोघरच्या नवऱ्यांचा उद्धारही झाला) ती चहा गार झाला तरी थांबेना. मी घरी येऊन भाव वाढवला, गिऱ्हाईक काही तुटलं नाही.

कागदपत्रांचं सोपंय. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट असते, वर्गातच मोबाईलवर करून घेतली, एजंटला पैसे देऊ नका. एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थ विकायला लागणारं सरकारी) रजिस्ट्रेशन मी केलं तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये होतं. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत मी अर्ज केला तेव्हा मशिनरीला कर्जावर ३५ टक्के सबसिडी होती, जास्तीत जास्त १० लाख, अर्ज कृषी खात्यातनं गेला, त्याला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जोडलं. पण कर्ज शेवटी बँकच देणार, आणि आमच्या बँकेत कोटेशन आणा, परत आणा, साहेब बदलले, फाईल अजून तिथंच.

कोणाला जायचं असेल तर तारखा आधीच फोन करून विचारा, मेमध्ये ठेवलंत तर घरी रातांबे पिकून पडलेले असतात आणि वर्गात बसून सगळं लक्ष तिकडंच.