बाळाच्या छातीवर प्रोब ठेवायला शिकताना

शिकताना एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं: अल्ट्रासाऊंड हवेतून जात नाही, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी करत नाहीत. त्यामुळे आमच्या वरिष्ठ डॉक्टर मॅडमनी धाप लागलेल्या एका बाळाच्या छातीवर प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग, ठेवला, तेव्हा मला वाटलं त्या हृदय बघतायत.

"अगं, फुप्फुसच बघतेय. हवा स्वतः दिसत नाही, पण ती पडद्यावर जे भास उभे करते ते वाचता येतात."

हे वाचन पद्धतशीरपणे मांडणारं मोठं नाव म्हणजे फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिश्टनस्टाइन. धाप लागलेल्या रुग्णाची फुप्फुसं सोनोग्राफीनं तपासण्याची त्यांची ठरीव पद्धत, 'ब्लू प्रोटोकॉल', २००८ साली प्रसिद्ध झाली, ती मोठ्या माणसांसाठी. पण लहान मुलांची छाती पातळ, चरबी कमी. साधा, सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब लावला तरी चित्र लख्ख येतं. शिवाय एक्स-रेचे किरण नाहीत, त्यामुळे तासाभरानं पुन्हा बघितलं तरी मनाला टोचत नाही.

सुरुवात बरगड्यांपासून. दोन बरगड्या, त्यांच्या काळ्या सावल्या आणि मधे जराशी खोल एक पांढरी रेघ. ती प्लुरा, फुप्फुसावरचं पातळ आवरण. प्रत्येक श्वासाला ती मागेपुढे सरकते. तिच्याखाली ठरावीक अंतरावर आडव्या रेघा: ए-लाइन. त्वचेपासून प्लुरापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर पुढची रेघ, मग तेवढ्यावरच त्यापुढची. म्हणजे निरोगी फुप्फुस पडद्यावर दिसतं ते निव्वळ प्रतिध्वनी म्हणून! मला याची इतकी गंमत वाटली की पहिला आठवडा मी निरोगी मुलांच्याच छात्या बघत हिंडले.

मग बी-लाइन. प्लुरापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत न विरता जाणारे उभे झोत. श्वासाबरोबर हलतात, वाटेतल्या ए-लाइन पुसून टाकतात. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा जास्त दिसल्या तर तिथे हवा कमी आणि पाणी जास्त. मी लगेच मोजत सुटले आणि तिथेच अडकले. ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बाळांच्या बारीक श्वासनळ्यांना येणारी सूज) बी-लाइन, न्यूमोनियाच्या कडेला बी-लाइन, हृदयामुळे फुप्फुसात पाणी झालं तरी बी-लाइन; आणि नुकत्याच जन्मलेल्या ठणठणीत बाळातही थोड्या असतात, कारण फुप्फुसातलं पाणी अजून पुरतं निघालेलं नसतं. कुठे आहेत, एका बाजूला की दोन्ही, मूल किती दिवसांचं, ताप आहे का, हे विचारल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

माझी पहिली मोठी चूक थायमसनं, म्हणजे छातीच्या हाडामागे असणाऱ्या ग्रंथीनं, करवली. सात-आठ महिन्यांचं बाळ, समोर वरच्या बाजूला घट्ट राखाडी भाग, आत बारीक चमकते ठिपके. "कन्सॉलिडेशन! आत हवेच्या नळ्यासुद्धा दिसतायत," मी जाहीर केलं; म्हणजे न्यूमोनियानं घट्ट झालेलं फुप्फुस. मॅडमनी प्रोब हळूच उरोस्थीकडे सरकवला. तोच भाग मोठ्या रक्तवाहिन्यांवर अलगद पसरून पलीकडे गेलेला, कड गुळगुळीत, ठिपके श्वासाबरोबर जराही न हलणारे. त्या वयात तिथे थायमस असायचाच. दुसऱ्यांदा डावीकडे खाली प्लीहेला न्यूमोनिया म्हणाले. तेव्हापासून आधी डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, शोधते (प्लीहा त्याच्या खाली, फुप्फुस वर), मग तोंड उघडते.

हात बसायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो रडणाऱ्या मुलाशी जमवून घ्यायला. झोपवलं की मूल किंचाळतं, आणि किंचाळणाऱ्या मुलाची प्लुरा पडद्यावर नुसती थरथरते. म्हणून बाळाला आईच्या खांद्यावर द्यायचं, जेल कोमट करायचं आणि सुरुवात पाठीपासून करायची. हे मॅडम रोज सांगायच्या. मी मात्र समोरूनच सुरू करायचे, सवयीनं.

मग ती रात्र आली. दोन वर्षांचा मुलगा, ताप, श्वास मिनिटाला पन्नासच्या वर. स्टेथोस्कोपनं दोन्हीकडे जवळजवळ स्वच्छ. समोर ए-लाइन, बाजूंना ए-लाइन, प्लुरा छान सरकतेय. मी प्रोब पुसायला घेतला होता. मग आठवलं, आईला म्हटलं, "त्याला जरा खांद्यावर घ्या."

डाव्या पाठीवर खाली, यकृतासारखा दिसणारा एक तुकडा. पुन्हा प्लीहा? डायफ्राम शोधला. तुकडा त्याच्या वर होता. आत फांद्यांसारख्या चमकत्या रेषा, श्वास घेतला की उजळणाऱ्या, आणि खोलवरची कड फाटल्यासारखी. एक्स-रेमध्ये ती जागा हृदयाच्या सावलीमागे लपली होती; कुठे बघायचं हे माहीत होतं म्हणूनच मला ती जराशी धूसर वाटली. प्लुरापासून लांब, आत खोल असता तर हा तुकडा प्रोबलाही दिसला नसता.

न्यूमोनियाच. औषध सुरू केलं. सकाळी मॅडमनी स्वतः पाठ तपासली आणि विचारलं, "समोरून काय होतं?"

"काहीच नाही. ए-लाइन."

"मग तेही केसपेपरवर लिही," म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.