आजोबांची सेवानोंद मिळवताना: सगळं अडलं एका नंबरावर

आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यातर्फे ब्रह्मदेशात बुलडोझर चालवत होते, एवढंच घरात माहीत होतं. तुकडी कोणती, भरती कधीची, याचा एक कागद नाही. म्हणून सैन्याच्या कार्यालयात सेवानोंदीसाठी अर्ज केला. ओळखपत्र, नात्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, सगळं विनातक्रार घेतलं गेलं.

घोडं अडलं लष्करी नंबरावर. "नंबर आणा, मग बघू." नाव दिलं, वडिलांचं नाव दिलं, गाव, तालुका, जन्मसाल दिलं. उत्तर तेच. 1945 पर्यंत भारतीय सैन्य 25 लाखांच्या घरात गेलं होतं, एका नावाची कितीतरी माणसं निघणार, हे मलाही कळतं. पण नंबर नसेल तर तो कुठे सापडेल, हे सांगायला काय जातं? एकाने पेन्शनबुक पाहायला सांगितलं. युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या माणसाला कुठली पेन्शन? दुसरा म्हणाला, डिस्चार्जचा कागद आणा. तो असता तर मी तिथे कशाला गेलो असतो! लेखी विचारलं, तर छापील पत्र आलं: "अपुरी माहिती." त्या दोन शब्दांचा राग अजून जात नाही. ज्या माणसाने सरकारसाठी हिवतापाच्या खोऱ्यात रस्ते काढले, त्याच्या घरच्यांना असं वाटेला लावायचं?

शेवटी बाकावर शेजारी बसलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी विचारलं, "मेडल आहे का घरात? त्याची कडा बघा."

ट्रंकेत वॉर मेडल होतं, दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असलेलं. भारतीय सैनिकांच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असायचं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरला आणि कडेवरची बारीक अक्षरं एकेक करून उठून दिसली. आईने तिथेच डोळ्याला पदर लावला. त्या नंबरावर पुढचं काम झटपट झालं, म्हणजे नोंद तिथेच होती!

पदक पितांबरीने घासू नका, अक्षरं झिजतात. कडेचा फोटो अर्जालाच जोडा. आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग पदकावर आहे तसंच लिहा, आधार कार्डावरचं नाही.

नोंदीत कामापुढे डोझर ऑपरेटर आणि खाली तुकडीचं नाव, बाकी तारखा. तेवढ्याने आजोबांच्या गोष्टींना जागा मिळाली. त्यांची तुकडी तामू–कलेवा रस्त्यावर होती. 1944 च्या अखेरीस ब्रिटिशांची चौदावी आर्मी काबॉ खोऱ्यातून चिंदविन नदीकडे निघाली, तेव्हा सॅपर्सना, म्हणजे सैन्यातल्या रस्ते-पूल बांधणाऱ्यांना, जंगल तोडत रस्ता पुढे न्यावा लागला. कलेव्याला त्यांनी 1,154 फुटांचा बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून उभारायचा पूल) टाकला, तेव्हाचा जगातला सर्वांत लांब. खडी मिळेना, म्हणून माती सपाट करून त्यावर डांबरात बुडवलेलं तागाचं कापड अंथरलं. त्याला बिथेस म्हणत.

आजोबा सांगायचे, मोठं झाड थेट ढकलायचं नाही. आधी तीन बाजूंची मुळं पात्याने तोडायची, मग चौथ्या बाजूला मातीचा उतार रचून पातं उंचावर टेकवायचं. डोझरला छप्पर नव्हतं, त्यामुळे नजर सतत वर, सुकी फांदी कधी सुटेल याचा नेम नाही. बांबूच्या बेटांनी जास्त छळलं, वरून कापलं तरी गड्डा जमीन सोडत नाही. लहानपणी मी या गोष्टी निम्म्यावर सोडून खेळायला पळायचो.

आणखी एक. तुकडीने रोज काय केलं हे सेवानोंदीत सापडत नाही, ते युद्धदैनंदिनीत असतं. आग्नेय आशियातल्या तुकड्यांच्या दैनंदिन्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, मालिका डब्ल्यूओ 172. तुकडीचं नाव हाती येताच तिथे विचारणा करा. मी केली आहे.